तंबोऱ्यामागचं नाव

हिंजवडीत प्रायोजकसाहेबांची सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक मैफलीचा खर्च तीच उचलते. "कलेसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे," असं ते मोबाइलकडे बघत म्हणतात. गाणं सुरू झालं की पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर त्यांचे डोळे मिटतात. त्याला तल्लीनता म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.

यंदा मात्र ते आलाप चालू असतानाच जागे झाले. मला खुणेनं बोलावून म्हणाले, "अहो, त्या तंबोरेवाल्या बाईंना जरा बाजूला बसवा. बॅनरवरचं आमचं नाव झाकलं जातंय."

मी वाकून रंगमंचावर गेलो. बाई तंबोरा उचलून सरकल्या, तशी तारांची घुमत राहिलेली आस तुटली. गायिकेनं आलाप थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मात्र नाव आता पूर्ण दिसतंय ना, ते बघत होतो.