चटईसकट वजन

कालोलाइनेला कुणी जाड म्हटलं तर तिला राग येत नसे. "मग एवढा आवाज ठेवू कुठं?" असं ती उलट विचारायची, आणि प्रश्न रास्त होता. रविवारी चर्चमध्ये सत्तर जणांचा गायकवृंद उभा राही, त्यात तिचा खालच्या पट्टीतला आवाज नसला की वरच्या पट्टीतल्या पोरी भरकटत. आठवडाभर ती केवड्याच्या पातींच्या बारीक विणीच्या चटया विणायची. तोंगाच्या बेटांवर या चटया अंथरायच्या नसतात, मानाच्या ठिकाणी जाताना कमरेला गुंडाळायच्या असतात, आणि कालोलाइनेच्या हातची चटई कमरेला असणं ही लग्नाकार्यात मिरवण्याची गोष्ट होती. हात चालत होते, तोंड तर फारच चालत होतं. चालत नव्हते ते फक्त गुडघे.

गेली दोन वर्षं ती बसून गात होती. सगळा वृंद उभा आणि रांगेच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत ही, वय चोपन्न. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसं शेजारी ताठ उभी असायची. बसलं की आवाज पोटात दुमडून राहतो, पुरता बाहेर पडत नाही, हे तिचं म्हणणं होतं. लोक सांत्वन करायला यायचे तेव्हा मात्र तिला खरोखरीच राग यायचा.

दर ऑगस्टमध्ये परदेशातून सर्जन मंडळी आठवडाभरासाठी येत आणि बारा जणांचे गुडघे बदलून जात. जानेवारीत दवाखान्यातली नर्स तेलेसिया, जी त्याच वृंदात गायची, तिनं कालोलाइनेचं नाव यादीत घातलं आणि अट सांगितली: बारा ऑगस्टच्या सकाळी वजन एकशेपाच किलोच्या आत हवं, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. मग ती म्हणाली, "मावशी, काट्यावर चढा. आधी ती कमरेची चटई काढा."

"दवाखान्यात येऊन चटई काढू? मग लुगडंही काढते की."

"दोन किलोची आहे हो ती."

"दोन किलो वजा करून लिही. चटई काढायची नाही."

तेलेसियानं एकशेवीसातून दोन वजा केले आणि एकशेअठरा लिहिलं. कालोलाइनेला ते वजा करणं आवडलं नाही. कुणीतरी दया म्हणून सूट दिल्यासारखं वाटलं. दारातून वळून तिनं सांगून टाकलं, "ऑगस्टमध्ये तुला वजाबाकी करावी लागणार नाही."

आता डाएट म्हणजे तिला नवं नव्हतं. उलट त्या विषयात गावात तिच्याइतकं शिकलेलं कुणी नसेल. ऑकलंडची तिची मावसबहीण दर सहा महिन्यांनी फोनवर नवा डाएट पाठवायची, आणि कालोलाइने सोमवारी तो मोठ्या दिमाखात सुरू करायची. कोबीच्या सूपचा आठवडा झाला, त्यात घरात असा वास कोंडला की कुत्रंसुद्धा दोन दिवस अंगणातच झोपलं. पावडर पाण्यात घोळून पिण्याचा डबा झाला. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खायचं, असाही एक झाला. त्यात ती आठ तासांत चोवीस तासांचं उरकून घ्यायला शिकली. मग आला तो तेल-मांस हवं तितकं खा पण कंद खाऊ नका म्हणणारा. तो तिनं चार दिवसांत सोडला. कंद नाही तर ते जेवण कसलं, नुसतं तोंडी लावणं झालं, असं तिनं मावसबहिणीला खडसावून सांगितलं.

सगळ्या डाएटांचा मुडदा मात्र रविवारीच पडायचा. रविवारी पहाटे घरोघरी उमूचे, म्हणजे जमिनीतल्या भट्टीचे, दगड तापत. अळूच्या पानांत खारं डबाबंद मांस किंवा मेंढीच्या चरबट फासळ्या आणि नारळाचं घट्ट दूध घालून लूच्या पुरचुंड्या बांधत, कोनफळांबरोबर त्या पुरत, आणि गाव चर्चला जाई. परत येताना आळीभर तो वास असे. ज्यांनी हे डाएट काढले त्यांच्या आठवड्यात रविवार नसणार, याबद्दल कालोलाइनेची खात्री झाली होती.

तेव्हा या वेळी तिनं स्वतःचा डाएट काढला. युक्ती साधी होती: जे घरात नाही ते पोटात जाणार नाही. रविवारी तिनं नेहमीप्रमाणे बारा लू केले, एक ठेवला आणि अकरा आळीतल्या घरांत वाटून टाकले. स्वतःवरच खूष होऊन ती हात धूत होती, तोवर पहिलं ताट परत आलं.

ताट रिकामं परत करायचं नसतं, हे तोंगात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. नुसतं भरून नाही, आलं त्याहून काकणभर सरस द्यायचं असतं. शेजारच्या लेसिएलीनं दोन लूंच्या बदल्यात चार पाठवले, तेही मेंढीच्या फासळ्यांचे. कोपऱ्यावरच्यांनी डुकराची तंगडी दिली. संध्याकाळपर्यंत कालोलाइनेच्या टेबलावर बाराच्या जागी वीस लू होते, आणि आलेलं अन्न टाकायची तर सोयच नाही. पुढच्या रविवारी तिनं नेटानं वीस वाटले. तीस आले. हे असं आठ रविवार चाललं. मार्चच्या सुरुवातीला तेलेसियानं चटई वजा करून एकशेएकोणीस लिहिलं. वृंदात आणखी तिघींचे गाण्याचे घागरे कमरेत घट्ट झाले होते.

शेवटी लेसिएलीच कुंपणाशी आली. गेली तीस वर्षं त्या दोघी त्या कुंपणावरून भांडत आणि वाटण मागत आल्या होत्या.

"कालोलाइने, एकदा सांगून टाक. आमच्यावर तुझा राग कशाचा आहे?"

"राग? मी देतेय की तुम्हाला."

"देतेस म्हणूनच विचारते. दोन डुकरं कापली माझ्या नवऱ्यानं तुझ्यापायी. तिसरं पोरीच्या लग्नाचं आहे, त्याच्याकडे बघायला लागलाय."

कालोलाइनेनं मान खाली घालून खरं काय ते सांगितलं, की ती बारीक व्हायला देत होती. लेसिएली कुंपणाला धरून हसत हसत खाली बसली.

"अगं, इथं देऊन कुणी बारीक झालंय का आजवर?"

कालोलाइनेही हसली, पण रात्रभर ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. विणताना पात उलटी पडली की ती उसवत बसायची नाही, तिचीच नक्षी करून टाकायची. देऊन कमी होत नाही, जे द्यावं तेच वाढून परत येतं. मग जे परत यायला हवं तेच द्यावं. सकाळपर्यंत तिला सगळी वीण दिसली.

पुढच्या रविवारी आळीत गेले ते माशांचे लू. शनिवारी धरलेला ताजा मासा, भरपूर अळू, नारळाचं दुसरं पातळ दूध, सोबत उकडलेली कच्ची केळी आणि पपईच्या फोडी. लेसिएलीनं ताट उघडून नाक मुरडलं खरं, पण माशाला मेंढी पाठवणं म्हणजे मूळ ताटाला हिणवणं झालं असतं. तिनं नवऱ्याला शनिवारी खडकांवर पिटाळलं आणि कालोलाइनेपेक्षा वीतभर मोठा मासा पाठवला. कोपऱ्यावरच्यांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. महिन्याभरात आळीतले पुरुष मासा कुणाचा मोठा यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि दुकानातले मांसाचे डबे धूळ खात बसले.

कालोलाइने स्वतः एक लू आणि हाताच्या मुठीएवढं कोनफळ खायची, तेही बसून, चावून, कुणी मध्ये बोललं तर उत्तर न देता. रोज सकाळी ती आणि लेसिएली खाडीत कमरेएवढ्या पाण्यात तासभर चालायच्या. पाण्यात गुडघे कुरकुरत नाहीत. भूक लागायची, खोटं कशाला सांगा. एप्रिलमध्ये एकदा ती विणता विणता डबाबंद मांसाच्या आठवणीनं रडली आणि ते रडणंही तिनं सगळ्यांना सांगितलं. पण काटा उतरत होता. मेमध्ये एकशेतेरा, जूनच्या शेवटी एकशेआठ.

आणि जुलैत तिच्या भावाच्या पोरीचा, लोसालिनेचा, एकविसावा वाढदिवस आला.

एकविसावा म्हणजे गावजेवण. आणि भावाच्या घरी बहीण म्हणजे फाहू. तिचा मान सगळ्यात वर, तिच्या शब्दापुढे भावाचाही शब्द नाही. सगळ्यात मोठं भाजलेलं डुक्कर तिच्यापुढे ठेवतात, केकचा वरचा मजला तिचा, आणि ती जेवते तसं कार्य शोभतं. फाहूनं ताट बाजूला सारलं तर भावाचं नाक कापलं गेलं. कालोलाइनेनं खूप विचार केला. त्या एका दिवसानं काही बिघडलं नसतं, हे तिला कळत होतं. पण उरलेलं डुक्कर, केक, फासळ्या, सगळं तिच्याच घरी येणार, ते ती वाटणार, आणि आळी पुन्हा वाटेवरून घसरणार. आठ रविवार तिला आठवत होते.

ती आठवडाभर आधीच पेनिसिमानीकडे, म्हणजे भावाकडे गेली. भाऊ बहिणीशी जपूनच बोलतो, तसा तोही बोलला.

"माझ्यापुढे मासा ठेवायचा," ती म्हणाली. "आणि कोनफळ. डुक्कर मुलांच्या टेबलावर दे."

पेनिसिमानीचा चेहरा उतरला. "ताई, तुमच्याच पायाशी मी लहानाचा मोठा झालो. लोक म्हणतील, बहिणीला मासा वाढून बोळवण केली."

"लोकांना सांग, फाहूनं मागितला."

"तुम्ही उपाशी दिसाल तर माझी पोर रडेल."

"पेनिसिमानी, दोन वर्षं मी देवापुढे बसून गातेय. तुझ्या पोरीच्या लग्नात मला उभं राहून गायचंय. आता सांग, तुला माझा मान कशात दिसतो?"

मासा मी स्वतः धरेन, असं पेनिसिमानी म्हणाला.

वाढदिवसाला फाहूपुढे हातभर लांबीचा मासा आला, केवड्याच्या पानावर, फुलं लावून. मांडवात कुजबूज झालीच. तिच्या उजव्या हाताला पाद्री बसले होते, त्यांच्यापुढे कुरकुरीत सालीचं डुक्कर. त्यांनी तिच्या ताटाकडे पाहिलं, स्वतःच्या ताटाकडे पाहिलं, आणि फाहूहून भारी खावं की नाही या पेचात त्यांचा हात डुकरावर अधांतरी राहिला. शेवटी त्यांनीही मासा मागवला. कालोलाइनेनं एकेक बोट चाटत मासा पुरता संपवला, सगळ्या मांडवाला दिसेल असं, आणि भावाकडे बघून मान हलवली. केकचा वरचा मजला तिनं लोसालिनेच्या मैत्रिणींना जागच्या जागी कापून दिला, घरी कणभरही नेला नाही. पोर आत्याच्या गळ्यात पडून रडली, पण ते दुःखानं नव्हतं.

बारा ऑगस्टला ती सकाळी सातला दवाखान्यात हजर झाली. कमरेला सगळ्यात चांगली चटई होती, जुनी, आईनं विणायला घेतलेली आणि तिनं पुरी केलेली. बाकावर यादीतले बाकीचे बसले होते, आणि तेराव्या नंबरचा एक गृहस्थही, जो तिच्याकडे फार आशेनं बघत होता. तिला त्याची दया आली, पण तेवढ्यापुरतीच.

ती काट्यावर चढली. काटा डुलला, पुढे गेला, मागे आला, आणि एकशेचार आणि थोडं यावर थांबला. तेलेसियानं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पेन उचललं. "दोन वजा, म्हणजे एकशेदोन..."

"वजा कशाला?" कालोलाइने म्हणाली. "चटईसकट लिही."

तेलेसियानं तिच्याकडे पाहिलं आणि चटईसकट एकशेचार लिहिलं. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती उगाच कागद चाळत राहिली. मग तिनं जाडजूड फॉर्म पुढे सरकवला आणि खुर्ची ओढली.

"बसा मावशी. पानं पुष्कळ आहेत."

"बसून खूप झालं," कालोलाइने म्हणाली, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर उभ्या उभ्याच तिनं पेन मागितलं.