पहिली फ्रेम तुझी

मी चांगला फोटोग्राफर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटायचं नाही.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी काढला, मी चालवतो. पासपोर्ट, साखरपुडे, लग्नं, बारशी, आणि एप्रिल-मे आला की आंब्याच्या पेट्यांवर छापायला आंब्याचे फोटो. आंबा हे उत्तम गिऱ्हाईक. डोळे मिटत नाही आणि 'मी जरा गोरा दिसेन का' असं विचारत नाही. एवढ्या वर्षांत कॅमेरे बदलले, पण प्रत्येक वेळी गरजेपुरते बदलले. हौसेचा असा एकही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मनाशी ठरवलं की आता एक घ्यायचा. मिररलेस, आणि तोही मिडियम फॉरमॅट.

घरी समजावून सांगणं आलं. आईला म्हटलं, "आतापर्यंतच्या कॅमेऱ्यात एक आरसा असायचा, या नव्यात आरसा काढून टाकलाय."

"का? फुटला होता?"

"फुटला नव्हता गो. त्याची गरजच नाही आता. आत सेन्सर असतो, त्याच्यावर थेट उजेड पडतो. आणि याचा सेन्सर मोठा आहे, म्हणून याचं कौतुक."

"केवढा मोठा?"

मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, "काड्यापेटीपेक्षा थोडा लहान."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग देवघरातल्या काड्यापेटीकडे पाहिलं, आणि वाती वळायला घेतल्या. त्या दिवसापासून शेजारीपाजारी ती सांगायची, "आमच्याकडे काड्यापेटीएवढा कॅमेरा यायचाय, त्याची वाट बघतोय तो."

कॅमेरा बाजारात यायला अजून अवकाश होता, पण मी नाव नोंदवून ठेवलं. मग दोन पासपोर्टांच्या मधल्या वेळात त्याच्याबद्दल जगात कुणीही कुठेही काही बोललेलं असलं की मी बघायचो. नुसतं बघायचो नाही, घरी येऊन सांगायचो. त्यात एक गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की माझी मुलगी माझ्याबरोबर ओठ हलवायला लागली. "आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की सेन्सर उघडा. त्याला बोट लावायचं नाही. काही पडलं तर तोंडाने फुंकर मारायची नाही. तोंडाने फुंकर मारणारा माणूस फोटोग्राफर नव्हे."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

तर हे चाललेलं असताना मुलीने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी आल्बम करायला घेतला. स्टुडिओतल्या जुन्या डिस्का, पाकिटं, निगेटिव्ह, सगळं उपसलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, आईचा फोटो कुठे ठेवलायस?"

"कुठला?"

"कुठलाही."

मी म्हटलं, असेल की, नीट बघ. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एका लग्नात नवरी बसली होती आणि डाव्या कडेला थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरलेली चार बोटं. एका बारशात पाळणा, आणि कडेला तीच बोटं, तीच अंगठी. एका मुंजीत कोपर. एका साखरपुड्यात पदराचं टोक.

माझी बायको इथल्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर कामाला यायची. चेहऱ्यावर उजेड परतवायला तक्ता धरायला कुणीतरी लागतं, आणि तिच्याइतका स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही. पंचवीस वर्षांत अर्ध्या रत्नागिरीच्या तोंडावर तिने उजेड पाडला आणि स्वतः मात्र तक्त्यामागे राहिली. लग्नातले फोटो सोडले तर तिचा धड एक फोटो नव्हता. लग्नातले फोटो माझ्या वडिलांनी काढले होते, तेव्हा तेही माझ्या खात्यात धरता येत नाहीत.

मी तेव्हाच्या तेव्हा आतल्या खोलीकडे तोंड करून जाहीर केलं, "नव्या कॅमेऱ्याची पहिली फ्रेम तुझी."

आतून आवाज आला, "बरं."

"भाट्याच्या किनाऱ्यावर काढू. संध्याकाळच्या उजेडात. मोठा करून स्टुडिओत लावू, अगदी दर्शनी भिंतीवर."

"आणि आत्ताच्या कॅमेऱ्याला काय झालंय?"

याचं खरं उत्तर 'काही नाही' असं होतं. पण मी म्हटलं, "एवढी थांबलीस, आता नवा येऊ दे की."

ती बाहेर येऊन म्हणाली, "थांबते हो. पण पंचविसावा वाढदिवस दसऱ्यानंतर चार दिवसांनी आहे. तेवढं त्या कॅमेऱ्याला कळवा. त्यानंतर थांबणार नाही. फोटो काढायचा तर तोवर, नाहीतर पुन्हा विषय नको."

ती असं हळू बोलते तेव्हा ते कायमचं असतं, हे मला ठाऊक आहे.

मी तयारीला लागलो. लेन्स लावून त्या कॅमेऱ्याचं वजन बरंच भरणार होतं, आणि माझा खांदा आता पूर्वीचा राहिलेला नाही. सवय हवी म्हणून मी सोडणासकटचा असोला नारळ घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर जायला लागलो. संध्याकाळी उजेड कुठून कसा येतो ते बघायचं, नारळ डोळ्याशी धरायचा, श्वास रोखायचा, मनात बटण दाबायचं. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग रोज फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"पाणी आहे का आत, बघताय?"

मी म्हटलं, "सराव करतोय."

"करा, करा," म्हणाले आणि मला वळसा घालून पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याच्या कडेने चालायला लागले.

कॅमेरा गणपतीत येणार होता, आला नाही. गणपतीचा फोटो जुन्याने काढला, तोही नाखुशीने, आणि बाप्पा त्यात उत्तम आला याचं मला थोडं वाईटच वाटलं. नवरात्र बसलं. मग एक दिवस निरोप आला की माल निघाला. मोबाइलवर तो कुठपर्यंत आला ते दिसायचं. मुंबई दिसली, पनवेल दिसलं, चिपळूण दिसलं, आणि चिपळूणच दिसत राहिलं. तीन दिवस चिपळूण. मुंबईहून चिपळूणपर्यंत एका दिवसात आलेली वस्तू चिपळुणात करते काय, हे मला कळेना. आई म्हणाली, "वाशिष्ठीच्या पुलावर फोटो काढत असेल." मुलगी म्हणाली, "पहिली फ्रेम गेली मग." कपाटातून बायकोने अंजिरी रंगाची साडी काढून इस्त्रीला दिलेली मला दिसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी खोका आला. आईने सांगितलं की उद्या पूजेलाच उघडायचा. बॅटरी चार्ज करायला तेवढी काढू दे म्हणून मी विनवलं. तिने बॅटरीला परवानगी दिली.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते ती वडिलांच्या पद्धतीने. हत्यार उघडं ठेवून पुजायचं. कात्रीची पाती फाकवून, सुरी म्यानातून काढून, कोयता धार वर करून. कॅमेरा हेही हत्यारच, तेव्हा लेन्स एकीकडे, बॉडी दुसरीकडे, आणि बॉडीचं तोंड उघडं, वर करून. वडील म्हणायचे, झाकलेल्या हत्याराला देव कसा दिसणार. आजवर कधी काही बिघडलं नाही, कारण आजवर उघड्या तोंडात आरसा असायचा. जे काय पडेल ते आरशावर, पुसलं की झालं.

दसऱ्याला सकाळी मी अंघोळ करून सोवळं नेसून पाटावर सगळं मांडलं. खोका उघडला. आठ महिने जिची वाट पाहिली ती वस्तू हातात घेतली. नारळापेक्षा हलकी होती. अगदी आपोआप, वडिलांच्या मुलाने करावं तसं, मी तिचं झाकण काढलं आणि उघडं तोंड वर करून पाटावर ठेवली. आत तो सेन्सर जांभळट हिरवा चमकत होता. सगळ्यांना म्हटलं, "बघा, आरसा नाही."

आईने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. कात्रीवर, कोयत्यावर, लेन्सच्या झाकणावर, आणि चमकणाऱ्या त्या काड्यापेटीएवढ्या चौकोनावर. पंचाहत्तरी पार केलेल्या हाताला नेम चुकणं माहीत नाही.

नारळ फोडला. खोबरं-साखर वाटून झाली. मी तोंडात टाकली आणि पाटाकडे बघितलं. त्या क्षणी आठ महिन्यांचं वाचलेलं, ऐकलेलं, घरादाराला शिकवलेलं सगळं डोक्यात एकदम आलं, आणि मी खाली वाकून जोरात फुंकर मारली.

कुंकू थोडं उडालं. त्याच्या जागी ओलं खोबरं बसलं.

मग आई म्हणाली, "मेल्या, तोंडात घास असताना फुंकर कसली मारतोस?"

मुलीने आत जाऊन पाण्याचं भांडं आणून माझ्या हातात दिलं. मी पाटाशीच बसलो. तोंडातलं खोबरं कसंबसं गिळलं आणि म्हटलं, "आता मुंबईला पाठवायला लागेल. ते साफ करून देतील. महिना जाईल. फार तर दीड. मग तुझा..."

बायकोने अंजिरी साडी नेसलेली होती. सकाळीच नेसली होती ती.

"मग माझा काय?" ती म्हणाली. "पुन्हा थांबायचं?"



ती उठली. पदर खोचला. कॉलेजच्या पिशवीतून तिने एक रबरी फुगा काढला, पिपेटला लावतात तो. सूक्ष्मदर्शकांच्या काचा पुसायच्या पातळ कागदाचं पुडकं काढलं आणि स्पिरिटची एक छोटी बाटली. वीस वर्षं ती दर टर्मला चाळीस-चाळीस सूक्ष्मदर्शक साफ करते, पोरांच्या बोटांचे ठसे, कांद्याची सालं, काय काय त्यांवर असतं. मी आठ महिने सेन्सरवर प्रवचनं दिली आणि ती एकदाही म्हणाली नाही की अहो, हे माझं रोजचं काम आहे.

"उजेडात आणा," ती म्हणाली. "तोंड खाली करून धरा. कॅमेऱ्याचं. आणि तुमचं तिकडे फिरवा. श्वाससुद्धा नको इकडे."

मी कॅमेरा डोक्यावर उपडा धरला. तिने खालून फुग्याने हवा मारली. कुंकू, हळद, दोन अक्षता माझ्या सोवळ्यावर पडल्या. मग प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाला कागद गुंडाळून, दोन थेंब टाकून, एकाच ओढीत इकडून तिकडे. कागद बदलला. परत एकच ओढ, तिकडून इकडे. माझा हात थरथरत होता, तिचा नाही.

"झालं का?" आईने विचारलं.

"बघायला लागेल, आई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पांढऱ्या कशाचा तरी काढून बघतात ना? तुम्हीच सांगत होतात."

मीच सांगत होतो. नुसत्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो काढायचा, लेन्सचं छिद्र बारीक करून, म्हणजे राहिलेला कण काळा ठिपका होऊन दिसतो. मी लेन्स लावली आणि डोळ्याशी नेली.

"हात बघा तुमचे," ती म्हणाली. "द्या इकडे. तुम्ही तक्ता धरा."

तर मी थर्मोकोलचा तक्ता धरून खिडकीशी उभा राहिलो. ती म्हणाली, थोडा वर. मी वर केला. ती म्हणाली, तिरका करू नका, चकाकतोय. मी सरळ केला. हात पाचच मिनिटांत भरून आले. पंचवीस वर्षं या बाईने तक्रार कशी केली नाही, असा विचार करत होतो तोच खट्ट आवाज आला.

आम्ही चौघांनी पडद्यावर डोकी घातली. पांढराशुभ्र तक्ता. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना माझी आठ बोटं, उजवीकडे अर्धा कान, कानावर कुंकू. आणि वर डाव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका.

"एक राहिलाय," मी म्हटलं. "परत एकदा पुसतेस?"

"राहू दे. जास्त घासू नये. आणि ऊन निघून जाईल."

मुलगी म्हणाली, "बाबा, पहिली फ्रेम ही झाली."

झाली होती खरी. आठ महिने जपून ठेवलेली फ्रेम माझ्या कानाला गेली. मी बायकोकडे बघितलं. ती हसत होती, आणि मला अजून आठवतं की मला तेव्हा कॅमेरा हवा होता, पण तो तिच्याच हातात होता.

संध्याकाळी भाट्याला गेलो. आपट्याची पानं देत-घेत, भेटत-भेटत पोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकायला आला होता. मुलीने तक्ता धरला. मी सवयीने म्हटलं, "हनुवटी जरा खाली, खांदे सैल..."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "पाठ आहे मला. काढा."

मी काढला. दोनच काढले, तिसऱ्याची गरज नव्हती. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यांत चांगला फोटो आहे, आणि हे मी जराही न लाजता सांगतो. मास्तर लांबून बघत उभे होते. हातात नारळ नाही म्हटल्यावर जवळ आले आणि आपट्याचं पान देऊन गेले.

पंचविसाव्या वाढदिवसाला तो फोटो दर्शनी भिंतीवर लागला, पुरुषभर उंचीचा. साडीचा काठ मोजून घ्यावा इतका स्वच्छ. आल्बमात पहिल्या पानावर मुलीने माझा कान लावलाय, समोरच्या पानावर ती चार बोटं.

आई मुद्दाम रिक्षाने स्टुडिओत आली. चष्मा लावून फोटोसमोर खूप वेळ उभी राहिली. मग काठी उचलून वर, डावीकडे, आभाळातल्या त्या बारीक ठिपक्यावर टेकवली. संगणकावर तो एका क्षणात काढता आला असता. बायको म्हणाली होती, असू दे.

"हे कुंकू का रे," आईने विचारलं, "की खोबरं?"

"खोबरं असावं," मी म्हटलं.

"तरीच. कुंकू एवढं चिकटत नाही," आई म्हणाली आणि सुनेकडे वळली. "फोटो चांगला आलाय हो तुझा. कॅमेरा पुसलास छान."