गाडी चार्जिंगला लावली कुठं?

कुणाच्या डिक्कीत रेनकोट निघतो, कुणाच्या डिक्कीत कालची मेथीची जुडी. पण आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक स्कूटरच्या डिक्कीत एक किस्सा मात्र हमखास असतो. तो बाहेर काढून ठेवल्याशिवाय गाडी कामाला घेताच येत नाही! आता तर इतके साठलेत की मी कुठंही चहाला बसले, की समोरचा म्हणतो, "सविताताई, ते फ्रिजवालं सांगा ना."

वसमतला शकीलभाईंचं इलेक्ट्रिक स्कूटरचं दुकान आहे. खाली दुकान, वर त्यांचं घर. मी काउंटरला. मेकॅनिक प्रल्हाद राठोड, जवळच्या तांड्यावरचा. बोलतो कमी, पण बोलला की समोरच्याला पाणी प्यावं लागतं.

नवी गाडी देताना सूचना सांगायचं काम माझं. गाडी गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका. झोपायच्या खोलीत लावू नका. गॅस, कपडे, पोती जवळ नकोत. लोक माना डोलावतात. एवढ्या वर्षांत मला एक कळलंय, जो जास्त जोरात मान डोलावतो त्याचा फोन आधी येतो!

* * *

तर ते फ्रिजवालं.

कुरुंद्याचे एक रिटायर गुरुजी. त्यांनी माझ्या सगळ्या सूचना वहीत लिहून घेतल्या, खाली रेघा मारून. मला भरून आलं. असा विद्यार्थी पहिल्यांदाच मिळाला होता!

आठ दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन. "ताई, तुमची बॅटरी किती दिवस फ्रिजात ठेवायची हो?"

"फ्रिजात?"

"हे म्हणून राहिले, मॅडमनं सांगितलंय, बॅटरी थंड झाल्याबिगर चार्ज करायची न्हाई. रिटायर झाले तरी रोज शाळेवरून चक्कर मारून येतात अन् भाजीच्या कप्प्यात ठेवतात. माझं दही बाहेर आंबून राहिलं ना!"

मी गुरुजींना फोनवर बोलावलं. म्हटलं, "गुरुजी, तशी थंड नाही. नुसती सावलीत ठेवायची, अर्धा-पाऊण तास. फ्रिजमधून काढली की तिला पाणी सुटतं, मग आत शॉर्ट होतं. आग लागायची!"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मग हे पूर्ण वाक्यात सांगायला पाहिजे होतं," गुरुजी म्हणाले. "तुमचे अर्धे मार्क कापले!"

* * *

दुसरे आमचे मारोतराव. बाजारात बांगड्यांचं दुकान. त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजेना म्हणून प्रल्हाद सकाळी घरी गेला. अंगणात ओळीनं पाच खाटा. सगळं घरदार बाहेरच दात घासून राहिलं होतं.

"गाडी कुठंय?" प्रल्हादनं विचारलं.

"आत."

आत म्हणजे घरातली एकुलती एक मोठी खोली. मधोमध स्कूटर चार्जिंगला. समोर कूलर चालू. बाजूला चादरसुद्धा घडी करून ठेवलेली!

"मारोतराव, झोपायच्या खोलीत लावू नका म्हणून ताईनं सांगितलं होतं ना?"

"मग? ऐकलंच की! ती आता झोपायची खोली राहिलीच न्हाई. आमी बाहेर झोपून राहिलो."

"अन् कूलर काहून?"

"गरम व्हायला नको ना तिला!"

प्रल्हादनं त्याच दिवशी अंगणात पत्र्याखाली वेगळा पॉइंट काढून दिला, नीट अर्थिंग करून. स्कूटर बाहेर आली, माणसं आत गेली. दुकानात परत येऊन तो शांतपणे माझ्यासमोर बसला.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या जन्मी मला बॅटरी व्हायचंय."

* * *

हा छोटाच आहे.

हळदीच्या मोंढ्यात एका आडत्याकडं मी आणि प्रल्हाद गाडी पोचवायला गेलो. आदल्याच महिन्यात त्यांनी पहिली गाडी नेली होती. ती बघितली आणि मी दारातच थबकले. चारी बाजूंनी छतापर्यंत हळदीची पोती, आणि मधल्या बोळात स्कूटर चार्जिंगला. चार्जर चक्क एका पोत्यावर ठेवलेला!

"शेठ, हे तागाचं पोतं हाये," प्रल्हाद म्हणाला. "चार्जर तापला तर पेट घेईल. माणूस भाजून निघेल आत."

शेठनी खुर्चीतून मानही वळवली नाही.

"भाजलं तर भाजलं. लावायला हळद कमी हाये का इथं?"

प्रल्हादनं प्लग काढला, गाडी ढकलत ओट्यावर आणली आणि चार्जर खिशात घातला. म्हणाला, "ओट्यावर पॉइंट काढला की फोन करा, चार्जर आणून देतो." दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत पॉइंट निघाला होता!

* * *

एका तीन मजली बिल्डिंगमधून बोलावणं आलं. जिन्याखाली तीन इलेक्ट्रिक गाड्या चार्जिंगला लागत होत्या आणि सेक्रेटरीकाकांची झोप उडाली होती. खरं सांगायचं तर काका बरोबरच होते. खाली आग लागली तर वरच्यांना उतरायला तोच एक जिना. पण काकांचा उपाय जबरदस्त होता.

"ठराव मांडतो," ते म्हणाले. "प्रत्येक इलेक्ट्रिक गाडी बिल्डिंगपासून शंभर फूट लांब उभी करावी."

"मोजून बघू या," प्रल्हाद म्हणाला.

सगळी मीटिंग टेप घेऊन खाली उतरली. गेटमधून निघून मोजत गेलो. शंभर फूट बरोबर पेट्रोल पंपाच्या दारात संपले!

"दुसऱ्या बाजूनं मोजा," काका म्हणाले.

दुसऱ्या बाजूला फटाक्यांचं दुकान.

"मागून मोजा!"

मागं काकांच्याच मेहुण्याचं कापसाचं गोदाम. काकांनी टेप गुंडाळायला घेतली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या तस्लीमआपा गॅलरीतून ओरडल्या, "काका, आता एकच बाजू राहिली. वर!"

शेवटी कंपाउंडच्या कोपऱ्यात, भिंतीपासून लांब, पत्र्याचं शेड झालं आणि जिना मोकळा केला. जिन्याखालून गाड्या निघाल्या तीन, आणि काकांचे जुने सोफे निघाले चार!

* * *

वारंगा फाट्यावर एक ढाबेवाले आहेत, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी हायवेच्या लोकांसाठी ढाब्यावर चार्जिंगची सोय केली. मोठा प्लग पूर्ण ढाब्यात एकच होता. तंदूरच्या भट्टीजवळ!

प्रल्हादनं पाहिलं तेव्हा एका गाडीच्या सीटवर भट्टीतल्या ठिणग्या पडून राहिल्या होत्या आणि गाडीचा मालक पलीकडं निवांत दालफ्राय खात होता.

"भाऊ, तुमी रोटी शेकून राहिले का बॅटरी?"

ढाबेवाले मनाचे मोठे. चूक लगेच कबूल केली. प्लग मागच्या मोकळ्या जागेत नेला, वर शेड टाकलं, वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. आणि लोकांना कळावं म्हणून रंगाऱ्याकडून मोठ्ठा बोर्ड करून हायवेवर लावला:

"येथे बॅटरी थंड व जेवण गरम मिळेल."

* * *

आता हा शेवटचा. हा सांगायची माझी मुळीच इच्छा नसते. पण सगळ्यांचे सांगायचे आणि स्वतःचा झाकून ठेवायचा, हे काही बरोबर नाही.

एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याच कुठल्या गाडीचा चार्जर लावून बॅटरी फुगवून आणली. टम्म! प्रल्हादनं ती मागच्या अंगणात, सगळ्यापासून लांब, वाळूवर नेऊन ठेवली आणि बजावलं, "हिला कुणी हात लावायचा न्हाई. आत तर आणायचीच न्हाई." मग तो एक पार्ट आणायला बाजारात गेला.

अकराच्या सुमारास शकीलभाई अंगणात गेले. बॅटरी उन्हात पडलेली बघून त्यांना कळवळा आला. "अरे, गरम होईल ना बिचारी!" असं म्हणत त्यांनी ती उचलली आणि आत आणून जिन्याखालच्या खोलीत ठेवली. त्याच जिन्यानं वरच्या घरात जायचं. वर शकीलभाईंच्या अम्मी आणि बायको नसीमभाभी.

मी काउंटरला फोन करत बसले होते. सर्व्हिसची तारीख जवळ आलेल्या गिऱ्हाइकांना आठवण करायची, हे माझं सकाळचं काम. तीस-चाळीस फोन झाले असतील.

मागून आवाज आला. फुस्स्स... कुकरची शिटी अडकल्यासारखा.

वळून बघते तर जिन्याखालून पांढरा धूर लोळत येऊन राहिला होता. असा वास की घसाच धरला. शकीलभाई पाण्याची बादली घेऊन आत धावले. मी त्यांना कॉलर धरून मागं ओढलं. मालकाची कॉलर! "आत जायचं न्हाई!" मी ओरडले. "तो धूर विषारी असतो!" मेन स्विच पाडला, फायर ब्रिगेडला फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही.

धूर जिन्यानं वर चढत होता. शकीलभाई रस्त्यावर उभे राहून ओरडत होते, "अम्मी, जीने से नक्को आना! नक्को आना!" आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

तेवढ्यात प्रल्हाद आला. एक शब्द विचारला नाही. शेजारच्या टेलरच्या जिन्यानं धाडधाड त्यांच्या गच्चीवर गेला, मधली भिंत ओलांडून आमच्या गच्चीवर उतरला आणि तिथून घरात. पुढचं भाभींनी नंतर सांगितलं. आत नसीमभाभी अम्मींचा हात धरून ओढत होत्या, आणि अम्मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या.

"अरे ठैर, चाय चढाई मैं. चाय तो उतार लूँ!"

"अम्मी," प्रल्हाद म्हणाला, "पयले तुमी उतरा!"

भाभींनी गॅस बंद केला. अम्मींचं वजन चांगलंच. अलीकडून प्रल्हाद आणि भाभी, पलीकडून टेलर आणि त्याचा भाऊ, अशा चौघांनी मिळून त्यांना भिंतीवरून पार केलं. तिघं टेलरच्या दारातून रस्त्यावर आली तेव्हा शकीलभाईंनी प्रल्हादला घट्ट मिठी मारली. दोघांपैकी कुणालाच सोडवेना.

अम्मींनी मात्र आधी धुराकडं बघितलं, मग लेकाकडं.

"तेरी दुकान रोज लोगां को लेक्चर देती," त्या म्हणाल्या, "और खुद जीने के नीचे?"

भर बाजारात, एवढा मोठा माणूस, पण मान खाली घालून उभा!

बंब आला. मास्क लावलेल्या माणसांनी पाणी मारून मारून बॅटरी थंड केली आणि बाहेर काढून अंगणातल्या हौदात बुडवून ठेवली. दोन चार्जर, एक रॅक आणि एक भिंत एवढं गेलं. माणसांच्या केसालाही धक्का लागला नाही. हे पक्कं झाल्यावर सगळ्यांना एकदम भूक लागली. टेलरच्या ओट्यावर भजी आली, चहा आला.

बंबावरचे मुख्य साहेब, चांगले मिशीवाले, बशीत चहा ओतत म्हणाले, "फोन कोणत्या ताईनं केला होता?"

"मी," मी पुढं झाले. म्हटलं, चार लोकांत कौतुक होतंय, होऊ द्या.

"इतकी वर्षं नोकरी झाली ताई, पण असा फोन आला न्हाई कधी."

"काहून? पत्ता चुकीचा सांगितला का मी?"

"पत्ता एकदम बराबर. पण त्याच्या आधी तुमी म्हणल्या, 'नमस्कार सर! आपल्या गाडीची सर्व्हिस ड्यू झाली आहे. आपण कधी येऊ शकता?'"

प्रल्हादच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

"मग... तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

साहेबांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली.

"मी म्हणलं, ताई, आमची गाडी डिझेलवर हाये!"