मेलेल्या आजोबांना आलेली नोटीस

मी वाचायला शिकले ती वडिलांच्या गिरणीतल्या संघटनेच्या पत्रकांवर. म्हणून असेल, दारावर खळीने चिकटवलेला तो कागद पाहिला तेव्हा पहिला संताप त्याच्या भाषेचा आला. घरपट्टी थकली आहे, मुदतीत न भरल्यास घराचा लिलाव होईल. नाव आजोबांचं. आजोबा कधीच वारले होते. नोटीस मेलेल्याला, आणि रस्त्यावर येणार माझी विधवा आई.

थकली कशी? आई दर वर्षी पट्टीचे पैसे माझ्या हाती देऊन थोरल्या काकांकडे पाठवायची. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरात, नवं घर बांधून राहत होते. घराण्याचे कागद थोरल्याने पाहायचे आणि थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायचं नाही, ही आमची रीत. आई त्यांच्याशी दाराआडून, माझ्या तोंडून बोलायची. पावती मागणार कोण?

मी जाऊन जाब विचारला. काका सुपारी कातरत राहिले.

"होऊ दे लिलाव. माझा मेहुणा घेईल. घर घरातच राहील."

याविरुद्ध पत्रक छापायचं म्हणून मी गल्लीतल्या वकिलांकडे गेले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते हसले.

"पत्रकाने लिलाव थांबत नाही, अक्का. आधी हरकत नोंदवून पैसे भरा, मग पट्टी जास्त लावली म्हणून अपील करा. लिलाव झालाच तर ठरल्या मुदतीत रक्कम भरून तो रद्दही करून घेता येतो. पण तिथवर जाऊ नका. नवऱ्याच्या हिश्श्यावर तुझ्या आईचा हक्क आहे. ती भरू शकते."

"चोरी त्यांनी करायची आणि भरायचं आम्ही?"

"सरी, तेही बरोबर. तरी भरा, आणि काकांवर वसुलीचा दावा लावा."

आईने गल्लीतल्या बायकांच्या चीटीतून, म्हणजे भिशीतून, पैसे उचलले. कचेरीत गेलो तर खिडकीशी काका आधीच उभे.

"ही नुसती राहते तिथे," ते कारकुनाला म्हणाले. "घराशी हिचा संबंध नाही. पैसे घेऊ नका."

कारकुनाने हात मागे घेतला. आई रीतीप्रमाणे माझ्या पाठीमागे, पदर पुढे ओढून. मी भाषण सुरू केलं. तिने दंड धरून मला बाजूला केलं.

"भाऊजी, पोरीच्या हाती दर वर्षी पैसे पाठवले. कुठे गेले?"

काकांशी बोलणारा तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"बायकांनी कचेरीत येऊन..."

"कुठे गेले? माझ्या नवऱ्याचा हिस्सा आहे त्या घरात. मी भरणार."

तिने नोटा खिडकीतून आत सरकवल्या. कारकुनाने काकांकडे एकवार पाहिलं आणि पावती फाडली.

"घराची अब्रू वेशीवर टांगलीस," काका बाहेर येऊन गुरगुरले.

"अब्रू तुम्ही ठेवा, भाऊजी. घर माझ्याकडे राहू दे."

त्याच आठवड्यात अण्णांनी काकांना नोटीस धाडली. ती जिवंत माणसाच्या नावाने होती.