धुळीत काढलेलं कोंगपो

अशी जवळ सरक पोरी. एवढी शिकली, आन मलेच सांगते, "आजी, तिबेट म्हणजे निस्ता बरफ!" कोणं सांगतलं तुले? तिथं कोंगपो म्हणून मुलूख हाय, नुसतं दाट जंगल. मले तिथल्याच माणसानं सांगतलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी आसेगावात नवी सून होते. त्या उन्हाळ्यात गावातली गुरं पटापट मरून राह्यली होती, आन जो तो दुसऱ्याकडे संशयानं पाहत होता. तशात अजिंठ्याची लेणी पाहून पायी नागपूरकडे निघालेला एक बुद्धाचा साधू आमच्या दारासमोर टेकला. सासूनं भाकर दिली, विचारलं, "बाबा, गाव कोणतं तुहं?"

"कोंगपो," म्हणत त्यानं काडीनं धुळीत नदी काढली, डोंगराले मोठा वळसा घालणारी. लिंबाच्या डहाळ्या खोचल्या, ते जंगल. खडे मांडले, ते बुद्धाचे मठ. एका डहाळीले लाल चिंधी बांधली. "इस पर मंतर लिखते. हवा पढती है."

सासू हसली. "आमच्या घरचा माणूस वाचत नाही, आन तुहा वारा वाचते?"

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक जण ओरडला, "उतारा मांडला रे! यानंच गुरं मारली!" उतारा म्हणजे दुसऱ्याची पीडा रस्त्यावर काढून ठेवायची; जो ओलांडन, त्याले ती लागते. पाहता पाहता काठ्या घेऊन माणसं जमली. एकानं साधूचं वस्त्र गच्च धरलं.

सासू उठली. "उतारा असन तर ओलांडणारीले बाधन ना? मंग मीच ओलांडतो."

मी तिचा हात धरला. तिनं झटकला. पाय उचलला आन तसाच थांबवला. "बाबा, देवावर पाय पडू नये. कुठं ठेवू?"

त्यानं डहाळ्यांमधली मोकळी जागा दाखवली. "यहाँ. यहाँ मेरी माँ का घर."

"मायच्या घरावर? नाही बा. नदीत ठेवतो."

नदीत पाय ठेवून ती पलीकडे गेली. माणसं काठ्या घेऊन तिच्याकडेच पाहत उभी. ती कंबरेवर हात ठेवून म्हणे, "उभे काहून? माह्या मरणाची वाट पाहून राह्यले? लई वेळ लागन, बसून घ्या."

एक म्हातारा फिस्सकन हसला. वस्त्र धरणाऱ्याचा हात सैल झाला. सासूनं साधूले स्वतः वेशीबाहेर पोचवलं. काठ्या तरी मागं मागं होत्याच.

मंग कैक दिवस ती नुसती शिंकली तरी शेजारीण दारातून डोकावे. तो नागपूरले पोचला की नाही, मले कधी कळलं नाही. जिवाले लागून राह्यलं ते.

आता निघालीस, जा. पण दिवाळीची वाट पाहू नको, लवकर ये.