हिरामणच्या पायाचं माप

हिरामण म्हात्रे माणूस सोन्यासारखा, पण संशयी. पेणहून रोह्याची एस.टी. पकडताना पाटी वाचायचा, कंडक्टरला विचारायचा, मग शेजारच्या बाईला. वडखळला गाडी अलिबागकडे वळली नाही, हे डोळ्यांनी बघितल्यावरच पाठ टेकायचा.

शहाण्णव साली या माणसाचा पाय दुखायला लागला. धरमतरच्या मिठागरात बांधावरून थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा. उभं राहिलं की जायचा. हिरामण मग खाडीकडे बघत उभा राही, भरतीचा अंदाज घेतल्यासारखा. ओहोटीलाही!

बायको धोंडुबाई एक दिवस म्हणाली, "किती भरत्या बघशील? लेकीकडं जा, वनिताकडं, रोह्याला. तिथला डॉक्टर पायाच्या शिरा तपासतो म्हनं."

"नाय जायाचा. आपल्या मिठागरातल्या पुंडलिकचा पाय तपासला नि महिन्यात कापला."

"तपासला म्हनून कापला का रं?"

"शिंपी मापं कशाला घेतो गो? कापायलाच ना?"

धोंडुबाई चुलीकडे वळली. पण त्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली नि ती भरेना, तेव्हा मुलगी वनिता येऊन त्याला घेऊनच गेली.

हिरामणने वाटेत बेत केला. आमच्याकडे अंगारा देणाऱ्या भगताकडे गेलं की काय होतंय ते आपण सांगायचं नसतं, भगताने ओळखायचं. सांगितलं, तर त्याची परीक्षा कसली? तोच कायदा त्याने डॉक्टरला लावला, वर पदरचं थोडं मीठ घालून. अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं ते काढलं, आणि दोन्ही पायांना सारखी फडकी बांधली.

"कुठला पाय दुखतो, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"डावा," हिरामण म्हणाला. दुखायचा उजवा. वनिता बोलायला गेली, तर बापाने असे डोळे वटारले की बिचारी गप्प बसली.

डॉक्टरांनी त्याला आडवं केलं. आधी दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला. हिरामण ताडकन उठून बसला. "परेशर हाताचं बघतात. पायाला कशाला?"

"हातात जेवढा दाब, जवळजवळ तेवढाच घोट्यात यायला हवा. कमी आला तर रक्ताची वाट अडलीय. सुई नाही, काही नाही. झोपा."

घोट्यावर गार मलम लावून पेनासारखी नळी टेकवली. डाव्या पायातून हुश्श, हुश्श असा दणदणीत आवाज आला. उजव्यातला कसाबसा, दूरच्या होडीच्या इंजिनासारखा. डॉक्टरांनी पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, मशीन उजव्याला आजारी म्हणतंय. तुम्ही डाव्याला म्हणता. डावा बरा असेल तर मी त्याला औषध देऊन काय करू?"

"तुमचं मशीन खरं बोलतंय," हिरामण म्हणाला.

"मग तुम्ही खोटं का बोललात?"

"बघत होतो."

वनिताने पदराने तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, कळलं नाही. डॉक्टरांनी फडकं सोडलं, जखम बघितली, आणि त्यांचा आवाज बदलला. "आत्ता कापायचं काही कारण नाही. पण खिशात दिसतेय ती विडी चालू राहिली, तर मी काही वचन देणार नाही. जखम रोज धुवायची, गोळ्या घ्यायच्या, आणि ती भरली की रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं."

हिरामणला सगळं पटलं होतं, इथे पुन्हा संशय आला. चालून दुखतं, आणि औषध चालणंच? पण ज्या मशीनने पाय ओळखला ते विडीही ओळखेल, या धास्तीने त्याने विडी सोडली. पहिले चार दिवस तो चिडला की धोंडुबाई शेजारच्या काशीबाईकडे जाऊन बसे.

पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी झाली. जखम बुजली होती. उजव्याचा आवाजही आधीपेक्षा बरा होता. डॉक्टर म्हणाले, "पाय तुमचाच राहतो, काका. चालत राहा."

हिरामण उठला नाही. नळीकडे बघत हळूच म्हणाला, "पुंडलिकचा दुसरा पाय हाय अजून. त्याला उद्या आनतो. पन त्याला आधी काय सांगू नका, पळंल."