गोऱ्यांची पिंपं आणि नणंदेचं लग्न

माझ्या हातचा मोह, म्हणजे मोहाची दारू, चांगला उतरतो, असं डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांत अजून बोललं जातं, आणि मीही ते खुशाल बोलू देते. पण पहिल्या खेपेला मी काय दिवे लावले होते ते कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता राहिली नाहीत, म्हणून मीच सांगते.

लढाईचा काळ होता. मी मुरबाडकडची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासरे बैलगाडीतून जळाऊ लाकूड घेऊन कल्याणच्या बाजूला जात. तिकडे गोऱ्या सोल्जरांची छावणी पडली होती. चैत्रात एकदा ते परतले तेव्हा गाडीत दोन छोटी लाकडी पिंपं होती. पोटाशी फुगीर, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, वरचं लाकडी झाकण उचकटलेलं. त्यांतून गोऱ्यांची बियर यायची आणि रिकामी झाली की तिथला खानसामा ती फोडून चुलीत घालायचा. सासऱ्यांनी दोन मागून आणली.

"रांजण फुटला ना आपला," ते म्हणाले. "यात आंबवा मोह. रेडकानं लाथ मारली तरी फुटायचं नाय."

रांजण खरोखरच रेडकाने फोडला होता, आणि वैशाखात नणंदेचं लग्न होतं. आमच्याकडे वऱ्हाडाला मोह पाजायचा तो घरचाच. सरकारची बंदी असे, पण ती रानाच्या अलीकडे फारशी पोचत नसे. दुकानातली बाटली पुढे केली तर मुलीला घराबाहेर लोटून मोकळे झाले असं समजायचे. सासूबाईंचा हात त्या भागात नावाजलेला. पण त्या साली त्यांचे गुडघे असे सुजले की भट्टीपाशी बसणंच होईना. मला म्हणाल्या, "औंदा तूच कर. मी वट्यावरनं सांगतंय." नणंद माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, त्या घरातली माझी एकुलती एक मैत्रीण. तिने मला गोठ्यामागे गाठलं. "वैनी, बिघडला ना, तर मला तिकडं जलमभर ऐकावं लागंल."

मी म्हटलं, तू बिनघोर राहा. मला स्वतःबद्दल तेव्हा बराच विश्वास होता.

माझ्या आईची शिस्त अशी, की मोह आंबत घालायचं मडकं राखेने घासायचं आणि चांगले तीन-चार दिवस कडक उन्हात तापवायचं. ओलसर राहिलं की मोह नासलाच. पिंपांना तर गोऱ्यांच्या बियरचा आंबूस वास मारत होता. मी ती दोन वेळा जास्त घासली आणि अंगणात ठेवली. तीन दिवस झाले, वास जाईना, म्हणून आणखी तीन दिवस ठेवली. वैशाखाचं ऊन. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या आणि सून किती कामसू म्हणून खूश होत्या. त्यांनीही उभ्या जन्मात मडकीच वापरली होती.

लग्नाला अकरा दिवस उरले तेव्हा मी पहिल्या पिंपात वाळलेली मोहाची फुलं घातली, वर काळ्या गुळाचं पाणी ओतलं. ते पाणी आत गेलं आणि तसंच सगळ्या अंगांनी बाहेर आलं. एका फटीतून नाही, प्रत्येक फळीमधून. कोंबड्या धावल्या, बैलाने दावं ताणून जमीन चाटायला घेतली. मी घाबरून दुसरं पिंप उचललं, तर त्याच्या पट्ट्या खाली घसरल्या आणि पिकल्या फणसासारख्या फळ्या उकलून माझ्या पायाशी पडल्या.

नणंद दारात उभी राहून रडायला लागली. गूळ गेला तो गेला, पण निदान फुलं तरी वाचवावीत म्हणून मी ती चटईवर पसरत होते. तेवढ्यात गाडीकडे नजर गेली. गाडी दगडांवर टेकवून ठेवली होती, तिला चाकं नव्हती. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आटतं, त्यावरची लोखंडी धाव ढिली होते, म्हणून सासरे चाकं काढून नदीच्या डोहात बुडवून ठेवत. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि तरी पिंपाला मडकं समजले. स्वतःचीच इतकी चीड आली की काय सांगू.

मोडकं पिंप तसंच टाकलं. धड होतं त्याच्या पट्ट्या दगडाने ठोकून बसवल्या आणि नणंदेला घेऊन डोहावर गेले. चाकांच्या शेजारी पिंप बुडवलं, वर दगड ठेवला. दोन दिवस आम्ही दोघी तिथे राखणीला बसलो. नवरी मुलगी डोहात पाय सोडून बसलीय आणि वहिनी पिंपाला हात लावून लावून बघतेय, हे बघून पाण्याला येणाऱ्या बायका पोट धरून हसत. पुढे पुढे आम्हीही हसायला लागलो. तिसऱ्या दिवशी पिंप काढलं, पाण्याने भरलं, आणि थेंब गळला नाही.

उसना गूळ आणून फुलं पुन्हा घातली. सहा दिवस पिंपाला कान लावून ऐकलं, आत बारीक चुरचुर चालू होती. मग भट्टी लावून गाळला. वास नेहमीचा नव्हता. मोहाच्या वासामागे आणखी काहीतरी होतं, लाकडाचं की गोऱ्यांचं कोण जाणे. सासूबाईंनी जिभेवर थेंब घेतला आणि नुसतं "हूं" केलं.

लग्नात पहिला द्रोण नवऱ्या मुलाच्या थोरल्या चुलत्याला. त्याने तीन थेंब जमिनीवर सोडले आणि घोट घेतला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळं वऱ्हाड त्याच्याकडे बघत होतं. मग त्याने विचारलं, "हात कुनाचा?"

हे तिथे विचारतातच, आणि घरच्या बाईने सगळ्यांसमक्ष उत्तर द्यायचं असतं. ज्या बाईचं नाव निघतं ते व्याह्यांच्या गावात कायमचं चिकटतं. मी कबूल करायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझं मनगट घट्ट दाबलं.

"माझा," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचं त्यांचं नाव माझ्यापायी मातीत चाललं होतं.

म्हाताऱ्याने द्रोण रिकामा केला, मिशा पुसल्या आणि द्रोण पुन्हा पुढे धरला. "येवढं वय झालं, पन असला मोह प्यालो नाय, विहीनबाय. आजून द्या."

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं आणि मला पुढे ढकललं. "आजून पायजे तर हिच्याकडं मागा. ही माझी सून. हात हिचा हाय."

डोळे इतके भरून आले की दुसरा द्रोण मी निम्मा त्याच्या पायावर ओतला.